विश्लेषण : ‘द लास्ट ऑफ अस’वर प्रेक्षक इतके का चिडले? एका आकड्यात किती प्रकारचे राग दडलेले असतात?

बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगाची कथा सांगणारी एचबीओची ‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका पहिल्या पर्वात प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. दुसऱ्या पर्वात समीक्षकांची पसंती कायम राहिली, पण ऑनलाइन गुणांकनात प्रेक्षकांचा कौल निम्म्याच्या खाली गेला. ज्या व्हिडीओ गेमवर ही मालिका बेतली आहे, त्याच्या बाबतीतही २०२० मध्ये हेच घडले होते. हा राग नेमका कशाचा, तो मोजला कसा जातो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याविषयी… (लेखात कथानकातील महत्त्वाच्या घटनांचा उल्लेख आहे.)

ही मालिका नेमकी कशाविषयी आहे?

‘नॉटी डॉग’ या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये प्लेस्टेशनसाठी ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम आणला. मुंग्यांच्या शरीराचा ताबा घेणारी कॉर्डिसेप्स ही बुरशी निसर्गात खरोखरच आढळते. ती माणसांत शिरली तर काय होईल, या कल्पनेवर गेमची कथा उभी आहे. मुलगी गमावलेला जोएल आणि या संसर्गाला दाद न देणारी १४ वर्षांची एली हे दोघे मोडून पडलेल्या अमेरिकेतून प्रवास करतात. एलीच्या शरीरातून लस तयार होण्याची शक्यता असते, मात्र त्यासाठीच्या शस्त्रक्रियेत तिचा जीव जाणार असतो. हे कळल्यावर जोएल रुग्णालयातील लोकांना आणि शल्यचिकित्सकाला ठार मारून एलीला बाहेर काढतो आणि नंतर तिच्याशी खोटे बोलतो.

‘चेर्नोबिल’ मालिकेचे लेखक क्रेग मेझिन आणि गेमचे जनक नील ड्रकमन यांनी या कथेची मालिका केली. पहिले पर्व जानेवारी ते मार्च २०२३ या काळात नऊ भागांत, तर दुसरे पर्व एप्रिल आणि मे २०२५ मध्ये सात भागांत प्रसारित झाले. पेद्रो पास्कल जोएलच्या, तर बेला रॅमसे एलीच्या भूमिकेत आहेत.

पहिले पर्व इतके का गाजले?

गेमवरून केलेले चित्रपट आणि मालिका फसतात, असाच १९९३ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चित्रपटापासूनचा लौकिक होता. या मालिकेने तो पुसला. अमेरिकेत पहिल्या भागाला पहिल्या रात्री सुमारे ४७ लाख प्रेक्षक मिळाले. शेवटचा भाग ऑस्कर सोहळ्याच्याच रात्री लागला, तरी त्याला ८२ लाख प्रेक्षक लाभले. पर्वाला एमीची २४ नामांकने आणि आठ पुरस्कार मिळाले.

वेळही जुळून आली होती. करोनाची टाळेबंदी लोकांच्या आठवणीत ताजी होती. जागतिक आरोग्य संघटनेने मालिकेच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, घातक बुरशींची पहिली प्राधान्य यादी जाहीर केली होती. महाराष्ट्राने तर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजेच ‘काळी बुरशी’, जवळून पाहिली होती. कॉर्डिसेप्स माणसाचा ताबा घेईल असे शास्त्रज्ञ मानत नाहीत. तरी बुरशीने जीव जातो, ही गोष्ट इथल्या प्रेक्षकाला पटवून द्यावी लागली नाही.

मग त्याच पर्वातील तिसऱ्या भागावर एक तारा का बरसला?

‘लाँग, लाँग टाइम’ हा तिसरा भाग २९ जानेवारी २०२३ रोजी लागला. गेममध्ये बिल हा एकलकोंडा, कडवट माणूस आहे. त्याचा जोडीदार फ्रँक त्याला सोडून गेलेला आणि मरण पावलेला असतो. मालिकेने ही कथा उलटवली आणि बिल व फ्रँक यांच्या जवळपास १६ वर्षांच्या सहजीवनावर सव्वा तासाचा भाग केला. समीक्षकांनी त्याचे भरभरून कौतुक केले. त्यात वापरलेल्या लिंडा रॉनस्टॅड यांच्या १९७० च्या गाण्याचे श्रवण त्या रात्री तासाभरात ४,९०० टक्क्यांनी वाढल्याचे स्पॉटिफायने सांगितले. बिल साकारणारे निक ऑफरमन यांना एमीही मिळाली.

त्याच वेळी आयएमडीबीवर या भागाला एकच तारा देणाऱ्यांची रांग लागली. यालाच ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. ठरवून, मोठ्या संख्येने आणि थोड्या काळात किमान गुण द्यायचे आणि सरासरी पाडायची, अशी ही पद्धत. दोन पुरुषांची प्रेमकथा नको असलेले त्यात होते. कथा मुख्य प्रवास सोडून भरकटली असे वाटणारेही होते. दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. गुणांच्या सरासरीत मात्र त्या एकसारख्याच दिसतात.

दुसऱ्या पर्वात असे काय घडले?

दुसरे पर्व २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमवर आधारित आहे. २० एप्रिल २०२५ रोजी लागलेल्या दुसऱ्याच भागात अ‍ॅबी नावाची तरुणी जोएलला हालहाल करून मारते. जोएलने रुग्णालयात ठार केलेल्या शल्यचिकित्सकाची ती मुलगी. तिथून पुढे एली सूड घेण्यासाठी सिएटलला निघते आणि कथा या दोन मुलींच्या द्वेषाची होते.

गेम खेळलेल्यांना हे ठाऊक होते. नव्या प्रेक्षकांसाठी मात्र मालिकेचा चेहरा असलेला पास्कल सातपैकी दुसऱ्याच भागात मारला गेला. लाडक्या पात्राच्या मृत्यूवर रागावणे जुनेच आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले तेव्हा वाचक इतके चिडले की अखेर डॉयल यांना त्याला परत आणावे लागले. जोएल परत येणे शक्य नाही, कारण पुढची सगळी कथा त्याच्या मृत्यूवर उभी आहे.

गेम खेळणे आणि मालिका पाहणे यात नेमका फरक काय?

या वादाचे मूळ इथे आहे. गेममध्ये रुग्णालयातील शल्यचिकित्सकाला जोएल मारतो, पण कळ दाबतो तो खेळणारा. तसे केल्याशिवाय गेम पुढेच सरकत नाही. पंधरा-वीस तास जोएलच्या जागी राहून एलीला वाचवल्यानंतर तो गोळीबार खेळणाऱ्याला आपलाच वाटतो. जोएलच्या बाजूने त्याचा स्वतःचा हात अडकलेला असतो.

दुसऱ्या गेमने हीच गोष्ट उलटी फिरवली. जोएल मेल्यानंतर खेळणारा एली होऊन सूड घेत सुटतो. मग कथेच्या मध्यावर गेम त्याच्या हातात एली काढून घेऊन अ‍ॅबी देतो आणि पुढचे कित्येक तास तिच्याच पायांनी चालायला लावतो. ज्या मुलीचा आपण तिरस्कार करतो तिचे मित्र, तिची भीती, तिचे वडील त्या काळात समोर येतात. काहींना हा गेमच्या इतिहासातील सर्वांत धाडसी प्रयोग वाटला, तर काहींना जबरदस्ती.

मालिका पाहणाऱ्याच्या हातात कळ नसते. तो जोएलला पाहतो, जोएल होत नाही. त्यामुळे गेमने पंधरा तासांत जे साधले ते मालिकेला संवाद, चेहरे आणि घटनांचा क्रम यांतून साधावे लागते. म्हणूनच अ‍ॅबीचे वडील कोण, हे गेम बराच काळ लपवून ठेवतो, तर मालिका दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या दोन भागांतच सांगून टाकते. हे उत्तर कळण्यासाठी प्रेक्षकाला पुढच्या पर्वापर्यंत थांबवणे निर्मात्यांना योग्य वाटले नाही. असा प्रत्येक बदल गेमच्या चाहत्याला मोडतोड वाटू शकतो, आणि बदल केला नाही तर नवा प्रेक्षक कोरडा राहू शकतो.

२०२० मध्ये गेमच्या बाबतीत काय झाले होते?

दुसरा गेम १९ जून २०२० रोजी बाजारात आला. त्याच्या काही आठवडे आधीच कथानकाचे तपशील इंटरनेटवर फुटले होते. त्यामुळे अनेकांचा राग गेम हातात येण्यापूर्वीच तयार होता. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांची सरासरी १०० पैकी ९३ असताना वापरकर्त्यांचे गुण सुरुवातीच्या दिवसांत १० पैकी साडेतीनच्या आसपास कोसळले. गेम पूर्ण करायला साधारण २५ ते ३० तास लागतात. त्याला शून्य गुण देणाऱ्या हजारो प्रतिक्रिया पहिल्या काही तासांतच आल्या होत्या. म्हणजे त्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गेम संपवलेला असणे शक्यच नव्हते.

यानंतर मेटाक्रिटिकने नव्या गेमवर वापरकर्त्यांची मते नोंदवण्यासाठी प्रकाशनानंतर ३६ तासांची प्रतीक्षा लागू केली. दुसरीकडे, याच गेमच्या पहिल्या तीन दिवसांत ४० लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सोनीने जाहीर केले आणि वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम गेम ठरला. एकाच कलाकृतीविषयी हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते.

संकेतस्थळांवरील टक्केवारीचा अर्थ काय?

दुसऱ्या पर्वाला रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांची पसंती ९० टक्क्यांच्या वर, तर प्रेक्षकांची ५० टक्क्यांच्या बरीच खाली राहिली. ही तफावत बातम्यांचा विषय ठरली. पण हे टक्के म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. समीक्षकांची टक्केवारी म्हणजे अनुकूल परीक्षणांचे प्रमाण. दहापैकी दहा समीक्षकांनी ‘बरी आहे’ एवढेच म्हटले तरी आकडा १०० टक्के होतो.

प्रेक्षकांच्या बाबतीत पाचपैकी साडेतीन किंवा त्याहून अधिक तारे दिले तरच ती पसंती धरली जाते. म्हणजे ‘ठीक आहे, पण पहिल्यासारखे नाही’ असे म्हणून तीन तारे देणारा आणि मालिका न पाहताच अर्धा तारा देणारा हे दोघे एकाच बाजूला मोजले जातात. चित्रपटांसाठी तिकीट खरेदीची पडताळणी करता येते. मालिकेसाठी तिकीट नसते, त्यामुळे मत देणाऱ्याने ती पाहिली की नाही हे तपासणे कठीण जाते. शिवाय तारे द्यायला येतात ते खूप आवडलेले किंवा खूप चिडलेले लोक. भाग पाहून टीव्ही बंद करून झोपी जाणारा प्रेक्षक या मोजणीत कुठेच नसतो.

प्रेक्षकांच्या आक्षेपांत रास्त काय?

बरेच काही. सात भागांच्या पर्वात कथा अर्ध्यातच थांबली आणि शेवटच्या भागात दृष्टिकोन अ‍ॅबीकडे वळताच पडदा पडला, ही तक्रार अनेक समीक्षकांनीही केली. गेममधील एली सूडाने हळूहळू पोखरत जाते. मालिकेतील एली अनेकदा हलकीफुलकी, बेफिकीर दिसते आणि तिच्या रागाचे वजन जाणवत नाही, हाही मुद्दा नोंदवला गेला. गेम जे मौनातून सांगतो ते मालिका संवादांतून समजावून सांगते, असाही आक्षेप होता. जोएल आणि एली यांच्या ओसरीवरील अखेरच्या संभाषणाचा प्रसंग गेममध्ये अगदी शेवटी येतो आणि साऱ्या कथेचा अर्थ बदलतो. मालिकेने तो सहाव्या भागातच दाखवला. त्याने काय साधले आणि काय गमावले, यावर गंभीर चर्चा होऊ शकते.

याच्या शेजारी दुसरा ढीग आहे. रॅमसे यांच्या चेहऱ्यावरून शेरेबाजी, एलीच्या समलिंगी असण्यावर आगपाखड, अ‍ॅबी गेममध्ये पिळदार शरीराची असताना केटलिन डीव्हर सडपातळ का, यावरून थट्टा. यातला शेवटचा मुद्दा विचारण्याजोगा होता आणि ड्रकमन यांनी त्याचे उत्तरही दिले. गेममध्ये अ‍ॅबी हाताळताना एलीपेक्षा वेगळी वाटावी यासाठी तिला ताकदवान शरीर गरजेचे होते, मालिकेत ती गरज तेवढी उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटो वा न पटो, त्यावर वाद घालता येतो. थट्टेवर घालता येत नाही.

प्रेक्षकसंख्या खरेच घटली का?

दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागाला अमेरिकेत पहिल्या रात्री ५३ लाख प्रेक्षक मिळाले, म्हणजे पहिल्या पर्वाच्या सुरुवातीपेक्षा जास्त. शेवटच्या भागाला मात्र ३७ लाख. पहिल्या पर्वाच्या ८२ लाखांशी तुलना केली तर ही निम्म्याहून अधिक घट आहे. तो ‘मेमोरियल डे’च्या जोडसुट्टीचा रविवार होता आणि नंतरच्या दिवसांत पाहणारे यात धरलेले नाहीत, याकडे एचबीओने लक्ष वेधले. पर्वाला जगभरात प्रत्येक भागामागे सरासरी सुमारे तीन कोटी ७० लाख प्रेक्षक मिळाल्याचेही कंपनीने सांगितले.

पहिल्या पर्वासाठी कंपनीने दिलेली सुमारे तीन कोटी २० लाखांची सरासरी केवळ अमेरिकेची होती. त्यामुळे ३.२ वरून ३.७ कोटी अशी वाढ मांडणे चूक ठरेल. पण पहिल्या रात्रीच्या आकड्यांची तुलना करता येते आणि ती उतरण दाखवते. पहिल्या पर्वात आठवड्यागणिक प्रेक्षक वाढत गेले, दुसऱ्यात ते गळत गेले. ही गळती केवळ ट्रोलांनी घडवलेली नसावी. ट्रोल गुण पाडू शकतात, पण ज्याला मालिका आवडते त्याला रविवारी रात्री पडद्यासमोरून उठवू शकत नाहीत. काही प्रेक्षक जोएलसाठी येत होते आणि जोएल गेल्यावर ते थांबले, हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे.

कलाकारांना काय सोसावे लागले?

२०२० मध्ये अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांतील काही त्यांनी स्वतःच जाहीर केल्या. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी एका काल्पनिक पात्राचे संवाद म्हटले होते. हा अनुभव पाठीशी असल्यामुळे मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी डीव्हर यांना जादा सुरक्षा द्यावी लागली, असे सहकलाकार इझाबेला मर्सेड यांनी एका मुलाखतीत सांगितले. म्हणजे एकही भाग लागण्यापूर्वी निर्मात्यांनी प्रेक्षकांपासून अभिनेत्रीचे रक्षण करण्याची तयारी केली होती. रॅमसे यांनी समाजमाध्यमांपासून दूर राहणे पसंत केले. ज्यांना मालिका आवडत नाही त्यांनी ती पाहू नये, गेम आहेच, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

याचा तोटा रास्त टीका करणाऱ्यांनाही होतो. धमक्या आणि शेरेबाजीचा लोंढा आला की निर्माते सगळ्याच नापसंतीला द्वेष म्हणून बाजूला सारू शकतात. पटकथा घाईत संपली, असे म्हणणाऱ्या प्रामाणिक प्रेक्षकाचा आवाजही त्याच लोंढ्यात वाहून जातो.

गेमवरील इतर मालिकांचा अनुभव काय?

‘हेलो’ मालिकेत नायक मास्टर चीफने शिरस्त्राण काढले, यावरून गेमचे चाहते नाराज झाले. गेममध्ये त्याचा चेहरा कधी नीट दिसत नाही, त्यामुळे खेळणारा त्या जागी स्वतःला पाहतो. ही मालिका दोन पर्वांनंतर २०२४ मध्ये बंद झाली. याउलट प्राइम व्हिडीओवरील ‘फॉलआऊट’ने गेममधील जग घेतले, पण पात्रे आणि कथा नवी रचली. तिथेही फळ्यावर लिहिलेल्या एका सालावरून चाहत्यांत वाद झाला, मात्र तो कालक्रमापुरता राहिला. कोणाचे लाडके पात्र हिरावले गेले नव्हते. खेळणाऱ्याने ज्या पात्रात जीव गुंतवला आहे त्यालाच हात घातला की प्रतिक्रिया तीव्र होते, हे या तुलनेतून दिसते.

भारतीय प्रेक्षक या वादात कुठे आहे?

भारतात गेम प्रामुख्याने मोबाइलवर खेळले जातात. प्लेस्टेशन असलेली घरे मर्यादित आहेत आणि पहिला गेम संगणकावर आला तोच मार्च २०२३ मध्ये, मालिकेचे पहिले पर्व संपल्यावर. दुसरा तर एप्रिल २०२५ मध्ये, दुसरे पर्व सुरू होण्याच्या दहा दिवस आधी आला. त्यामुळे इथला बहुसंख्य प्रेक्षक गेम न खेळताच मालिकेकडे आला. पहिले पर्व डिस्ने प्लस हॉटस्टारवर दिसले, दुसरे जिओहॉटस्टारवर. या प्रेक्षकाच्या हातात मालिका पाहण्यापूर्वीच अमेरिकी वादाने खाली आणलेला आकडा आणि जोएलच्या मृत्यूची चित्रफीत मोबाइलवर येऊन पडते. ज्या भांडणाशी त्याचा संबंध नाही, त्याच्या निकालावर तो मालिका पाहायची की नाही हे ठरवतो.

पुढे काय?

तिसऱ्या पर्वाला एचबीओने ९ एप्रिल २०२५ रोजीच, दुसरे सुरू होण्याआधी, मंजुरी दिली. जुलै २०२५ मध्ये ड्रकमन यांनी मालिकेच्या सर्जनशील कामातून बाजूला होत गेमनिर्मितीकडे लक्ष देण्याचे जाहीर केले. त्यामुळे सूत्रे आता मेझिन यांच्याकडे आहेत. तिसरे पर्व २०२७ मध्ये अपेक्षित असून ते प्रामुख्याने अ‍ॅबीच्या नजरेतून असेल. गेमने खेळणाऱ्याच्या हातात अ‍ॅबी देऊन जे मागितले, तेच आता मालिका केवळ पाहणाऱ्याकडून मागणार आहे. जिने जोएलला मारले तिच्यासोबत काही तास घालवायचे आणि मग मत बनवायचे. त्यातून किती प्रेक्षक टिकतात हे प्रेक्षकसंख्येवरून बऱ्यापैकी कळेल. पहिल्याच रात्री पडणाऱ्या ताऱ्यांवरून ते कळणार नाही, कारण त्यांतले बरेच तारे आजच ठरलेले आहेत.